वाट देताना

मोजणाऱ्याचं बोट त्याच्या खांद्याला लागलं आणि पुढे गेलं. टोचलं नाही, ढकललं नाही. फळं निवडताना एखादं फळ हाताला लागावं आणि न बघता टोपलीत टाकलं जावं, तसं. खांद्यावर त्या बोटाएवढी जागा थोडा वेळ गरम राहिली, किंवा त्याला तसं वाटलं. तोवर बोट पुढच्या माणसापाशी पोचलं होतं, मोजणाऱ्याचे ओठ पुटपुटत होते, आणि तो मोजला गेला होता. क्लबचं मैदान या उपनगरातून उचलून शहराच्या मध्यवस्तीत न्यावं असं ज्यांना वाटत होतं, त्यांच्यात.

खरं म्हणजे तो उठला होता तो चहावालीला वाट द्यायला. सभा मैदानातच, मुख्य स्टँडमध्ये भरली होती, आणि क्लबची जुनी पद्धत अशी की मत देताना हात वर करायचा नाही. स्टँडमध्ये हात कायम वरच असतात. कुणी लांबच्या ओळखीच्याला बोलावत असतं, कुणी डोळ्यांवरचं ऊन अडवत असतं. म्हणून ठरावाला ज्यांचं ‘हो’ असेल त्यांनी उभं राहायचं आणि ‘नको’ असेल त्यांनी बसून राहायचं. अध्यक्षांनी तसं पुकारलंही. ‘आणि ज्यांना झोप लागलीय त्यांनी?’ मागून एकानं विचारलं. ‘त्यांना विरोधात धरू,’ अध्यक्ष म्हणाले, आणि हशा पिकला. त्या हशातच रांगेच्या भिंतीकडच्या टोकाला बसलेली चहावाली उठली. फाटकाबाहेर तिची टपरी होती आणि क्लबची ती इतकी जुनी सभासद होती की तिला कार्ड कुणी मागत नसे. मोजणी झाली की सगळे चहाला धावणार, हे तिच्या लक्षात आलं असावं. ‘सरका हो जरा, स्टोव्ह पेटवायचाय,’ म्हणत ती गुडघ्यांगुडघ्यांमधून येऊ लागली. शेजारी बसलेल्या दादानं, म्हणजे त्याच्या थोरल्या भावानं, दोन्ही हातांनी आपले गुडघे उचलून बाजूला घेतले. तो मात्र उठला. तो नेहमीच उठायचा. बसमध्ये, दवाखान्यात, छापखान्याच्या कॅन्टीनमध्ये, कुणी नुसतं जवळून गेलं तरी त्याचं अंग आपोआप उभं राहायचं, जणू बसलेली जागा दुसऱ्याचीच होती आणि मालक आत्ताच परत आला होता. नेमका तेव्हाच मोजणारा रांगेच्या तोंडाशी आला. चहावालीनं त्याला लांबूनच हात केला. ‘ए, मला नको धरूस! मी उभी नाहीये, मी चाललेय!’ लोक हसले, मोजणाराही हसला आणि त्यानं तिला जाऊ दिलं. ती गेली. तो उभा होता.

चार शब्द होते. मला नका धरू हो. चहावालीला ते चालता चालता सुचले. त्याचं तर सगळं आयुष्य शब्दांत गेलं होतं. तो वर्तमानपत्राच्या छापखान्यात मुद्रितशोधक होता, निवृत्त होईपर्यंत रोज लोकांची वाक्यं तपासून त्यातल्या चुका काढायचा. पण ती वाक्यं लोकांची असायची. समासात बारीक खुणा करायच्या, दुसऱ्याचं वाक्य नीट उभं करायचं आणि आपण दिसायचं नाही, यातच त्या कामाचा अभिमान होता. स्वतःचं वाक्य म्हणून त्यानं भरसभेत कधी काही उच्चारलं असेल असं त्याला आठवत नव्हतं. ठरावाचं पत्रक महिनाभर आधी घरी आलं होतं, तेही त्यानं पुन्हा पुन्हा वाचलं, आणि वाचून मनात काय राहिलं, तर ‘स्थलांतर’ हा शब्द एका ठिकाणी ‘स्थलातर’ असा छापलाय, अनुस्वार पडलाय. मैदान जावं की राहावं याचा विचार करायचा म्हणून तो पत्रक हातात घ्यायचा, आणि डोळा त्या पडलेल्या अनुस्वारावर जाऊन बसायचा. बायकोनं एकदा विचारलंही होतं, ‘काय ठरवलंत?’ त्यानं तिला ती चूक दाखवली. ती म्हणाली, ‘धन्य आहे. घर जळत असलं तरी तुम्ही पाटीवरचं शुद्धलेखन बघाल.’ आणि मग, भाजी निवडता निवडता, सहज: ‘इथे मध्यवस्तीत आलं तर बरंच की. चालत जाल. त्या दोन-दोन बस बदलून कंबर मोडून घेता, ते तरी वाचेल.’ तो नुसता हसला होता. त्या हसण्याचा अर्थ त्यानं तेव्हा तपासला नव्हता.

निकाल लगेचच सांगितला. ठराव मंजूर झाला होता, आणि काठावर नव्हे, चांगल्या भरघोस मतांनी. मध्यवस्तीतले नवे सभासद गाड्या भरून आले होते. तरुण, आवाज असलेले, क्लबच्या रंगाचे मफलर गळ्यात घातलेले लोक. अध्यक्षही त्यांच्यातलेच, ते आधी अर्धा तास बोलले होते, की संघ आता शहराच्या हृदयात खेळला पाहिजे. तेव्हा खालच्या रांगेतला एक जुना सभासद ओरडला होता, ‘हृदयात आधीच ब्लॉकेज आहे, गाड्या कुठे लावणार?’ आणि सगळ्यात मोठ्यानं दादा हसला होता. म्हणजे त्याच्या एका मतानं काही बिघडलं नव्हतं. जे व्हायचं ते त्याच्याशिवायही झालं असतं. ही गोष्ट त्यानं मनाशी दोनदा म्हणून पाहिली, आणि दोन्ही वेळा तिच्यातून काही समाधान निघालं नाही. निकालानंतर टाळ्या वाजल्या, बसलेले लोक उठले, उभे होते ते खाली निघाले, आणि क्षणभर कोण कुठल्या बाजूचं होतं ते कळेनासं झालं. त्या गर्दीत तोही एक उभा माणूस होता, इतरांसारखाच. हे त्याला बरं वाटलं, आणि बरं वाटल्याची लाज वाटली.

दादा मात्र बसूनच होता. स्टँड रिकामा होईपर्यंत तो कधीच उठत नसे. गर्दीत धक्का लागला की गुडघे ऐकत नाहीत, असं म्हणायचा. दादाचा धंदा काचा बसवण्याचा. शिडीवर चढून, फरशीवर गुडघे टेकून, खिडक्यांच्या चौकटीत जन्मभर काचा बसवल्या, त्यात गुडघे गेले. मैदानामागच्या मोकळ्या जागेत पोरं सराव करायची तेव्हा भोवतालच्या घरांच्या काचा फुटायच्या, आणि दादा म्हणायचा, ‘मी क्लबचा सगळ्यात निष्ठावान कारागीर. तुम्ही फोडा, मी बसवतो.’ आता तो समोरच्या गवताकडे बघत होता. गोलपोस्टला जाळी नव्हती, नुसती पांढरी चौकट उभी होती, काच बसवायची राहिलेल्या खिडकीसारखी. काहीतरी बोलावं म्हणून त्यानं घसा साफ केला. दादानं त्याच्याकडे पाहिलं नाही. पण त्यात नवीन काही नव्हतं, दोघं भाऊ इथे कधीच एकमेकांकडे बघून बोललेले नव्हते.

हे त्याला आता प्रथमच नीट दिसलं. नोकरी लागली तसा तो मध्यवस्तीत राहायला गेला, दादा इथेच राहिला, मैदानाच्या गल्लीच्या टोकाला, आईवडिलांच्या घरात. तेव्हापासून संघाचा घरचा सामना असला की तो दोन बस बदलून यायचा, आणि दादानं आपली टोपी ठेवून त्याची जागा धरलेली असायची. सामना असे म्हणून भेट होई. सणावाराला, लग्नकार्याला भेटले की दोघं समोरासमोर बसायचे आणि ‘काय म्हणतोस’ ‘काही नाही’ एवढ्यावर गाडी अडायची. पण इथे, खांद्याला खांदा लावून पुढे बघत बसलं की बोलणं जमायचं. वडिलांचं दुखणं साधं नाही, हे दादानं त्याला एका कॉर्नर किकच्या आधी सांगितलं होतं. दुकान बंद करतोय हे मध्यंतरात. आणि आपल्याला मूल होणार नाही असं डॉक्टरांनी सांगितल्याचं त्यानं दादाला सांगितलं तेव्हा समोरच्या संघाचा गोलकीपर ओरडून ओरडून फ्री किकपुढे आपल्या खेळाडूंची भिंत उभी करत होता. दादा ‘हं’ म्हणाला. थोड्या वेळानं ‘यानं डावीकडून मारायला हवी होती’ असंही म्हणाला. पण त्यानं आपला हात त्याच्या गुडघ्यावर ठेवला, आणि सामना संपेपर्यंत उचलला नाही. आपल्या संघानं गोल केला, सगळा स्टँड उसळला, तेव्हाही तो हात तिथेच होता, आणि त्या दिवशी ते दोघंच काय ते बसून राहिले होते. एवढं सगळं या दोन जागांवर झालं होतं. मैदान मध्यवस्तीत गेलं तर दादा तिथे येणार नाही, येऊ शकणार नाही, हे त्याला माहीत नव्हतं असं थोडंच होतं? पत्रक आलं त्या दिवसापासून माहीत होतं. जे माहीत होतं त्याच्याकडे बघायला नको म्हणून तर तो त्या अनुस्वाराकडे बघत बसला होता.

आणि तरीही तो उभा राहिला. चहावाली गेल्यावर आणि बोट येण्याआधी मध्ये काही वेळ होता. फार नाही, पण होता. त्या वेळात आपण काय करत होतो, हे तो पायऱ्या उतरताना, दादाच्या कोपराखाली हात धरून, पुन्हा पुन्हा आठवू पाहत होता. आता बसलो तर लोकांना वाटेल, याचं मत बदललं. असा एक विचार आला होता, खरा. भित्र्या माणसाचा हिशोब असाच असतो, उठताना काही वाटत नाही आणि बसताना सगळं जग बघतंय असं वाटतं. सीटही असेल. या सीटांना स्प्रिंग असते, माणूस उठला की त्या फट्दिशी वर जातात, मग हातानं दाबून खाली घ्याव्या लागतात; तो सगळा खटाटोप, तो आवाज. पण या दोन्हींच्या खाली आणखी काहीतरी होतं. त्याला आपली गॅलरी दिसली होती. गॅलरीतून दिसणारं जुनं मालधक्क्याचं पटांगण, जिथे नवं मैदान व्हायचं होतं. आणि त्या पटांगणाकडे जाणारा तो स्वतः, रविवारी दुपारी जेवून, पाय मोकळे करत, बगलेत एक पुस्तक घेऊन, कुठलीही बस न बघता. मनातल्या त्या चित्रात तो एकटाच होता आणि सुखात होता. दादा त्या चित्रात नव्हता. कुणी काढून टाकला होता असंही नाही, नुसता नव्हता. जसा तो अनुस्वार.

बाहेर चहावाली जोरात होती. ‘घ्या हो, अजून इथेच मिळतोय,’ ती म्हणत होती, ‘पुढच्या वर्षी तिकडे काचेच्या दुकानात घ्याल, माझ्या तिप्पट पैसे मोजून.’ तिनं दोघांना हाक मारली. ‘चष्मेवाले, तुम्ही वाट दिलीत म्हणून वेळेत पोचले बघा. तुमचा आजचा चहा माझ्याकडून.’ त्यानं मान हलवून नको म्हटलं. दादा म्हणाला, ‘घरी करतेय ही. जातो आम्ही.’ मग दोघं गल्लीतून चालू लागले. दादा थोडं चालला की थांबायचा; गुडघ्यांसाठी थांबायचा, पण तसं कधी म्हणायचा नाही. एखाद्या खिडकीकडे हनुवटी उडवून ‘ही माझी’ म्हणायचा, आणि त्या काचेतलं आभाळ बघत असल्यासारखा दम खाऊन घ्यायचा. आज तो थांबला तेवढाच. खिडक्या त्याच होत्या, ‘माझी’ कुठलीच म्हणाला नाही. त्यानंही विचारलं नाही. मूग गिळून बसणं त्याला चांगलं जमायचं, फक्त आज ते घशाखाली उतरत नव्हते.

घरात शिरताच वहिनींनी स्वयंपाकघरातून विचारलं, ‘काय झालं हो?’

‘नेणार,’ दादा म्हणाला आणि आपल्या खुर्चीत बसला.

‘कुठे?’

‘याच्या दाराशी.’

‘अगंबाई, मग भावजींच्या गॅलरीतून फुकटात दिसेल की! मी तर डबाच घेऊन येईन.’

‘चौथा मजला,’ दादा म्हणाला. ‘लिफ्ट नाही.’

भांड्याचा आवाज झाला. वहिनी दाराशी येऊन दोघांकडे पाहून गेल्या, आणि आत गॅस मोठा केल्याचं ऐकू आलं. तो दादाच्या समोरच्या खुर्चीत बसला. खोलीत दुसरी खुर्ची तेवढीच होती. मधे बुटकं टेबल, त्यावर काच, दादानं कापलेली, कडा इतक्या गुळगुळीत की बोट फिरवत राहावं. तो बोट फिरवत राहिला. गप्प बसणं ही एक गोष्ट, आणि दादाला वाटेल ते वाटू देऊन घरी निघून जाणं ही दुसरी. पुढचा घरचा सामना दोन आठवड्यांनी. तोवर हे असंच कुजत राहिलं असतं. आणि असे सामने तरी आता उरले होते किती?

‘दादा,’ तो म्हणाला, ‘मी उठलो ना मघाशी, तो त्या बाईंना वाट द्यायला उठलो.’

‘माहीत आहे.’

‘आणि तो मोजणारा नेमका तेव्हाच...’

‘बघितलं मी.’

‘मी त्याला सांगायला पाहिजे होतं. पण माझं आपलं तुला माहीत आहे. चार लोकांत माझ्या तोंडातून शब्द...’

‘अरे, तू वाट द्यायला उठलास हे मला माहीत आहे,’ दादा म्हणाला. त्याचा आवाज चढलेला नव्हता, उलट काच कापताना श्वास धरून बोलायचा तसा बारीक होता. ‘अख्ख्या स्टँडला माहीत आहे. लहानपणी आपल्या घरात मांजर आलं तरी तू उठून उभा राहायचास. त्याचं मला काही नाही. पण ती गेली, आणि मग तू बसला नाहीस.’

त्यानं मान खाली घातली. टेबलाच्या काचेत त्याचा चष्मा दिसत होता, मागचे डोळे दिसत नव्हते. ‘ती सीट...’ तो म्हणाला. ‘उठलं की वर जाते ना ती.’

‘सीट वर गेलीच नव्हती,’ दादा म्हणाला. ‘मी हातानं खाली धरून ठेवली होती. तुला बसता यावं म्हणून.’

आत चहा उतू गेल्याचा वास आला. वहिनी स्वतःशीच काहीतरी पुटपुटल्या. त्याला आता आठवलं की उठल्यावर तो फट्दिशी होणारा आवाज झालाच नव्हता. कानावर न पडलेला आवाज इतका वेळ त्याच्या लक्षात कसा आला नाही? अक्षर गळलं तर त्याला लगेच कळायचं. तो उभा होता, पटांगणाकडे चालत निघाला होता, आणि त्याच्या मागे, त्याच्या पोटऱ्यांना जवळजवळ लागून, एक म्हातारा हात ती स्प्रिंग दाबून वाट बघत होता. किती वेळ? बोट लागून गेलं तेव्हा तरी दादानं हात काढला होता का? की निकालापर्यंत? विचारण्याचा धीर झाला नाही. दादानं उजवा तळवा मांडीवर उताणा ठेवला होता. त्यावर सीटच्या कडेचा वळ असेल असं त्याला उगीचच वाटलं, पण इतक्या वर्षांच्या काचकामानं त्या तळव्यावर इतक्या रेघा होत्या की एक निवडून काढणं शक्य नव्हतं.

सबबी संपल्या होत्या. खरं काय ते एकच वाक्य उरलं होतं, आणि ते दुसऱ्या कुणाचं नव्हतं.

‘मला जवळ पडेल, असं वाटलं,’ तो म्हणाला. आणि मग, हे पुरेसं नाही असं वाटून, ‘दमतो रे मी आता येताना. बरेच दिवस झाले. परत जाताना तर दुसऱ्या बसमध्ये डोळेच मिटतात. वाटलं, तिकडे झालं तर चालत जाता येईल. एवढंच वाटलं. तुझा विचार... त्या वेळी तुझा विचार नाही आला मनात.’

बोलून झाल्यावर त्यानं वर पाहिलं. दादा त्याच्याकडेच बघत होता. दादाचे डोळे घारे होते. हे त्याला माहीत असायला हवं होतं, आणि अर्थात ते माहीत होतंच, तरी ते आत्ता कुणीतरी नव्यानं सांगितल्यासारखं वाटलं.

‘मग तसं सांगायचंस ना,’ दादा म्हणाला.

‘कसं सांगणार? तुला काय वाटलं असतं?’

‘वाटलं असतं ते असतं. वाटायचं राहिलंय का आता?’ दादानं दोन्ही गुडघ्यांवरून तळवे फिरवले, सावकाश, धूळ झटकावी तसे. ‘तू बस बदलत येतोस, त्यात दमतोस, हे तू मला आज सांगतोयस. मला वाटायचं तुला येणं आवडतं.’

‘आवडतं रे.’

‘ते माहीत आहे. दमतोस ते माहीत नव्हतं. आधी बोलला असतास तर मी पण उठलो असतो.’

‘तू?’

‘हळूहळू. खुर्चीला धरून. पण उठलो असतो. माझ्या मतानं काय होणार होतं, पण तुझ्याबरोबर उभा तरी राहिलो असतो.’

‘कोण उठतंय?’ वहिनी ट्रे घेऊन आल्या. ‘अजिबात उठायचं नाही कुणी. अर्धा चहा ओट्याला पाजलाय, उरलेला तरी प्या गरम गरम.’ त्यांनी दोन कप टेबलाच्या काचेवर ठेवले, दोघांच्या चेहऱ्यांकडे पाहिलं, तिसरा कप उचलला आणि तो घेऊन आत गेल्या. कपातून वाफ येत होती. दोघांपैकी कुणी हात लावला नाही. त्याला काही बोलायचं होतं, पण जे बोलायला हवं होतं त्याची वेळ स्टँडमध्येच होऊन गेली होती, किंवा त्याहून आधी, कितीतरी रविवार आधी, एखाद्या मध्यंतरात, पुढे बघत, अगदी सहज. ‘दादा, फार दमतो रे.’ एवढंच. तेव्हा दादा ‘हं’ म्हणाला असता, आणि मग दोघांनी मिळून काहीतरी काढलं असतं. काय काढलं असतं ते मात्र आता त्याला सुचेना.

बाहेर कोपऱ्यावर बस वळल्याचा आवाज आला. गिअर बदलताना होणारी घरघर, थांब्यावर थोडा वेळ थांबणं, दार बंद होणं, पुन्हा घरघर. सामन्यानंतर तो याच बसनं जायचा. चहा अर्धा राहिला तरी कप ठेवून उठायचा. दोघांनी ती येताना ऐकली आणि जाताना ऐकली.

‘गेली तुझी,’ दादा म्हणाला.

‘जाऊ दे,’ तो म्हणाला. आणि आपण जन्मभर एवढंच एक वाक्य स्वतःचं म्हणून बोलत आलो की काय, या विचारानं त्याचा हात कपाच्या कानाशी जाऊन तसाच राहिला.